धमनी बंद असतानाची मिनिटं

(नाशिक येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



किडनीच्या ऑपरेशनमध्ये रक्तस्राव कसा आटोक्यात ठेवतात, हा विषय पत्रिकेवर वाचून हे डॉक्टरांच्या परिषदेत बोलायचं असतं, असं काहींना वाटलं असेल. मी तो मुद्दाम इथे घेतला. ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचा आम्हा विद्यार्थ्यांपाशी एक हट्ट असायचा. ज्याच्या पोटावर सुरी चालणार, त्याला आत काय होणार हे त्याच्या भाषेत कळलंच पाहिजे. नातेवाइकांची सही घेतली म्हणजे आपलं काम झालं, असं समजणाऱ्या डॉक्टरावर ते मनापासून चिडत. आज मी त्यांच्या हट्टाप्रमाणे बोलणार आहे.

आधी किडनी काय चीज आहे ते पाहू. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून साधारण ३०० ग्रॅम भरतं. साठ किलोच्या माणसाच्या वजनाचा हा अर्धा टक्का झाला. पण हृदयातून दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर पडतं, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या अर्ध्या टक्क्याकडे जातो. मिनिटाला एक लिटर, कधी त्याहून थोडं जास्तच. आपल्या अंगात एकूण रक्त असतं पाच लिटरच्या आसपास. म्हणजे एका किडनीत मिनिटाला अर्धा लिटर रक्त शिरतं, गाळून निघतं आणि परत जातं. दोन्ही किडन्यांतून मिळून दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं, त्यातलं दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतं आणि बाकीचं शरीर परत घेतं. असा अवयव चिरायचा, त्यातली गाठ तेवढी काढायची आणि उरलेली किडनी जागच्या जागी चालू ठेवायची, हे आजच्या ऑपरेशनचं काम आहे.

पूर्वी हा प्रश्न फारसा उभा राहत नसे. किडनीच्या कर्करोगाचा रुग्ण आमच्यापर्यंत पोचायचा तेव्हा लघवीतून रक्त जात असायचं, कुशीत दुखायचं, पोटात गोळा हाताला लागायचा. तोवर गाठ इतकी वाढलेली असे, की वाचवायला काही उरलेलं नसे. सोनोग्राफी गावोगाव पोचली आणि चित्र बदललं. पित्ताच्या खड्यासाठी सोनोग्राफी करायला गेलेल्या माणसाच्या अहवालात ‘उजव्या किडनीत तीन सेंटिमीटरची गाठ’ अशी ओळ येते. त्याला स्वतःला काहीही त्रास नसतो. चार सेंटिमीटरपर्यंतची अशी गाठ जागा देत असेल, तर गाठ काढून किडनी राखायची, हेच आज जगभर योग्य मानतात. अख्खी किडनी काढल्यावर पुढच्या काळात उरलेल्या किडनीचं काम मंदावण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी असलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट फार महाग पडते.

तरीही अख्खी किडनी काढण्याचा सल्ला अजून सहज दिला जातो. त्यामागचं खरं कारण बहुतेक वेळा रक्तस्रावाची भीती असते. ती भीती निराधार नाही, हे आधीच सांगून टाकतो. युरोपात अख्खी किडनी काढणं आणि गाठ तेवढी काढणं यांची समोरासमोर तुलना करणारी मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ पर्यंत प्रसिद्ध झाले. मोठा रक्तस्राव पहिल्या गटात १.२ टक्के रुग्णांना झाला आणि दुसऱ्या गटात ३.१ टक्के. किडनी राखल्यानं माणसं जास्त जगतात, असंही त्या चाचणीतून सिद्ध झालं नाही. हे आकडे रुग्णापासून लपवू नयेत. त्या चाचणीतली ऑपरेशनं पोट उघडून केलेली होती आणि त्यानंतर तंत्र खूप पुढे गेलं, हेही त्याच दमात सांगावं.

आता थोडं मागे जातो, कारण या भीतीचं वय दीडशे वर्षांचं आहे. २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीत हायडेलबर्गला गुस्ताव सिमोन यांनी पूर्वनियोजन करून किडनी काढली. आधी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले होते आणि एका किडनीवर प्राणी जगतो याची खात्री करून घेतली होती. त्यांची रुग्ण वाचली. त्याच गावात त्यांच्या जागी आलेल्या विन्सेंत्स चेर्नी यांनी १८८७ मध्ये गाठीसाठी किडनीचा फक्त भाग काढला. पण हा मार्ग पुढे ओस पडला. कापलेल्या जागेतून रक्त थांबेना, लघवी पोटात झिरपू लागे आणि जंतुसंसर्गाला तेव्हा औषध नव्हतं. अख्खी किडनी काढणं त्या मानानं सोपं होतं. धमनी बांधली, शीर बांधली, काम झालं.

पुढचं दार शरीररचनेच्या अभ्यासानं उघडलं. १९५४ मध्ये ग्रेव्ह्ज या इंग्रज शल्यचिकित्सकानं किडनीच्या धमन्यांत राळ भरून त्यांचे साचे घेतले. त्यातून दिसलं, की मुख्य धमनीच्या फांद्या किडनीचे पाच विभाग वाटून घेतात आणि एका विभागाची फांदी शेजारच्या विभागाला रक्त देत नाही. निफाड-दिंडोरीकडच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. कालव्याचं मुख्य दार पाडलं तर सगळी शिवारं कोरडी. एका चारीचं दार पाडलं तर तेवढंच रान कोरडं, पण त्या रानाला दुसरीकडून थेंबही मिळत नाही. आज आम्ही जे काही करतो ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

मुख्य धमनी बंद केली, की किडनी शांत होते. रंग बदलतो, ताण जातो, हाताला मऊ लागते. गाठ कापताना समोर स्वच्छ दिसतं. पण त्या क्षणापासून किडनीच्या पेशी उपाशी राहतात. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला त्या ही उपासमार फार वेळ सोसत नाहीत. पूर्वी पोट उघडून ऑपरेशन करताना किडनीभोवती बर्फाचा चुरा रचत. गार पेशींची भूक मंदावते आणि वेळ मिळतो. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये अँड्र्यू नोविक यांनी एकच किडनी असलेल्या रुग्णांवर अशी अवघड ऑपरेशनं करून हा मार्ग पुन्हा रुळवला. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात बर्फ रचणं जिकिरीचं असतं. मग हातात उरतात ती मिनिटं.

किती मिनिटं? २०१० मध्ये मेयो क्लिनिक आणि क्लीव्हलँड क्लिनिक यांनी एकच किडनी असलेल्या रुग्णांची नोंद तपासली. धमनी बंद ठेवलेलं प्रत्येक मिनिट मोजावं लागतं आणि २५ मिनिटांच्या पुढे धोका ठळक होतो, असं त्यांना आढळलं. तेव्हापासून आमच्या थिएटरमध्ये चिमटा लागला, की सिस्टर घड्याळ लावते. ‘सर, आठ मिनिटं.’ ‘सर, बारा.’ पोट उघडून केलेलं असो, दुर्बिणीतून असो की रोबोटनं, या ऑपरेशनचा हा भाग सगळ्यांना सारखाच असतो. रक्त थांबवायचा प्रत्येक उपाय किडनीकडून काहीतरी वसूल करतो. आमची सगळी कसरत ती वसुली कमी करण्याची आहे. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, आणि पुढचे तपशील याच नजरेनं ऐकावेत.

आता रोबोट. आपल्या नाशिकमध्येही तो आलेला आहे. डॉ. राज नगरकर यांच्या एचसीजी मानवता कॅन्सर सेंटरमध्ये रोबोटच्या मदतीनं ऑपरेशनं होतात. त्यासाठी पूर्वी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागे. लोकांचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. हे यंत्र स्वतःहून काहीही करत नाही. सर्जन दोन-तीन मीटरवर एका कॉन्सोलमध्ये डोकं घालून बसतो, त्याची बोटं जशी हलतील तशी रुग्णाच्या पोटातली अवजारं हलतात. दा विंची नावाच्या यंत्रणेला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या गेटमन आणि सहकाऱ्यांनी तिच्या मदतीनं केलेल्या किडनीच्या अशा ऑपरेशनांचा पहिला अनुभव प्रसिद्ध केला.

साध्या दुर्बिणीतून हे ऑपरेशन आधीपासून होत होतं. पतियाळात शिकलेले आणि क्लीव्हलँडला नावारूपाला आलेले इंदरबीर गिल यांनी ते फार उंचीवर नेलं. पण त्यांच्यासारखे हात मोजक्यांचे. साध्या दुर्बिणीच्या अवजाराला मनगट नसतं. सरळ काठीच्या टोकानं, किडनीच्या खोल खळग्यात, गोलाईनं टाका घालायचा आणि तोही घड्याळ चालू असताना, हे शिकायला वर्षानुवर्षं जातात. रोबोटच्या अवजाराला मनगट आहे, चित्राला खोली आहे, दहापट मोठं दिसतं, हाताचं कापरं गाळलं जातं. रक्तस्रावाच्या बाबतीत रोबोटचं देणं विचाराल, तर मी टाक्याकडे बोट दाखवीन. कापायला तो फारशी मदत करत नाही. शिवायला करतो.

ते शिवणं जरा जवळून पाहू.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केलेली आहे. आतडं बाजूला सारलं, किडनीच्या देठाशी धमनी मोकळी केली. किडनीवरची चरबी उचलून सोनोग्राफीचा छोटा प्रोब किडनीवर फिरवला आणि गाठीची कड जाळून आखून घेतली. वरून दिसते तेवढीच गाठ नसते, ती आत किती गेली आहे हे इथे कळतं. इथवर कसलीच घाई नाही. मग रुग्णाजवळ उभा असलेला सहायक धमनीवर बुलडॉग नावाचा छोटा चिमटा लावतो. घड्याळ सुरू. कात्रीनं थंडच कापत जायचं. जाळत गेलं तर कड काळी पडते, आणि आपण गाठीत शिरलो की बाहेर आहोत हे समजत नाही. सहायकाची सक्शनची नळी प्रत्येक थेंब ओढून घेते. गाठ सुटली की ती बाजूला ठेवायची आणि खळग्याकडे वळायचं.

खळग्याच्या तळाशी कापलेल्या धमन्यांची तोंडं दिसतात. कधी लघवीची पोकळी उघडी पडलेली असते. पहिला थर तळाचा. एकच धागा, खळग्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उघडी तोंडं आणि पोकळी त्यात धरत नेतात. इथेच बुलडॉग काढून टाकायचा, ही आजची चांगली रीत. वरचा थर अजून घातलेला नसतो. रक्त परत शिरतं, किडनी गुलाबी होते, आणि जे तोंड सुटलं असेल ते तिथेच फवारा उडवून स्वतःला दाखवतं. तेवढ्यावर एक टाका. मग सावकाश वरचा थर.

वरच्या थराची गोष्ट मला फार आवडते. किडनीचं मांस इतकं मऊ, की धाग्याची गाठ आवळली तर धागाच ते कापत जातो. म्हणून धाग्याच्या टोकाला प्लास्टिकची छोटी क्लिप लावतात. सुई किडनीच्या दोन्ही कडांतून पार नेतात, दुसऱ्या बाजूलाही क्लिप लावतात आणि ती धाग्यावरून सरकवत किडनीपर्यंत आणतात. कवचाला जराशी खळी पडली की थांबायचं. दाब धाग्यावर न येता क्लिपच्या रुंदीवर पसरतो. अमेरिकेत सेंट लुईसच्या सर्जननी २००९ च्या सुमारास ही पद्धत मांडली आणि गाठी मारण्यात जाणारी मिनिटं वाचली. पण इथेही वसुली आहेच. टाके जास्त खोल आणि जास्त घट्ट घातले, तर रक्त थांबतं खरं, पण टाक्याखालची निरोगी किडनी गुदमरते. म्हणून आता अनेक सर्जन वरचा थर हलका ठेवतात, काही तर तो घालतच नाहीत. फायब्रिनचा गोंद, सेल्युलोजची जाळी, थ्रॉम्बिनची लगदी असे महागडे पदार्थही खळग्यात भरता येतात. झिरपणारं रक्त ते थांबवतात. उघडी राहिलेली धमनी त्यांनी थांबेल, या भरवशावर मात्र कुणी राहू नये.

शेवटची परीक्षा पोटातल्या वायूची. ऑपरेशनभर पोटात १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो. तो शिरांवर बाहेरून दाब देतो, त्यामुळे शिरांतलं रक्त आपोआप दबलेलं असतं. सगळं कोरडं दिसतं आणि सर्जन फसतो. म्हणून बंद करण्याआधी दाब पाचपर्यंत उतरवायचा, भूलतज्ज्ञांना रक्तदाब नेहमीच्या पातळीवर आणायला सांगायचं आणि काही मिनिटं नुसतं पाहत बसायचं. थकलेल्या माणसाला ही मिनिटं नकोशी वाटतात. माझ्या मते सगळ्या ऑपरेशनमधली सर्वात मोलाची मिनिटं हीच.

मुख्य धमनी बंदच करायची नाही, असंही करता येतं का? येतं. गिल यांनीच २०११ मध्ये तसं मांडलं. गाठीकडे जाणारी बारीक फांदी तेवढी शोधून बंद करायची, म्हणजे चारीचंच दार पाडायचं. बरोबर फांदी बंद झाली का, हे पाहायला इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग शिरेतून देतात आणि विशेष प्रकाशात पाहतात. रक्त पोचतं तो भाग हिरवा चमकतो, बंद केलेला विभाग काळा राहतो. हा रंग यकृतावाटे बाहेर पडतो, किडनीवर त्याचा भार नाही. पाहायला हे विलक्षण सुंदर असतं. तरी इथे मी संयम बाळगायला सांगेन. इटलीत झालेल्या क्लॉक नावाच्या चाचणीत धमनी बंद करून आणि न करता, अशी रोबोटची ऑपरेशनं तुलनेला घेतली. दोन्ही किडन्या चांगल्या असलेल्या रुग्णांत पुढे किडनीच्या कामात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिवाय न बंद करण्याचं ठरवलेल्या बऱ्याच रुग्णांत ऐन वेळी चिमटा लावावाच लागला. ज्याची एकच किडनी आहे, ज्याच्या रक्तातलं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं आहे, त्याच्यासाठी बारीक फांदी शोधत बसणं योग्यच. बाकीच्यांसाठी पंधरा-वीस मिनिटांचा स्वच्छ चिमटा जास्त सुरक्षित.

रक्तस्रावाचा निम्मा बंदोबस्त ऑपरेशनच्या आधीच होतो. रंग देऊन केलेल्या सीटी स्कॅनवर धमन्या मोजायच्या. बऱ्याच माणसांना एकाच किडनीकडे दोन धमन्या असतात, आणि एक लक्षात आलीच नाही तर चिमटा लावूनही किडनी वाहतच राहते. गाठ किती मोठी, किती आत, पोकळीच्या किती जवळ, याचे गुण मांडण्याची पद्धत २००९ पासून रूढ आहे. त्यावरून आपल्या हाताला हे झेपेल की पुढे पाठवावं, हे प्रामाणिकपणे ठरवता येतं. रुग्णाचं कामही इथेच आहे. हृदयात स्टेंट असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती सांगा. ती स्वतःहून बंदही करू नका. कधी आणि किती दिवस थांबवायची, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि आम्ही मिळून ठरवतो. रक्तपेढीत रक्त आधी जुळवून ठेवावं. बहुतेकदा लागत नाही, पण लागतं तेव्हा शोधायला वेळ नसतो.

आणि रोबोट वापरताना एक गोष्ट कधी विसरू नये. सर्जन रुग्णापासून दूर बसलेला आहे. मोठी धमनी सुटली तर पहिला हात सहायकाचा. दाब द्यायचा, गॉज आत सारायचा, सक्शन धरायचं. अवजारं सोडवून रोबोट बाजूला घ्यायची आणि पोट उघडायची वेळ आलीच, तर उघड्या ऑपरेशनचा ट्रे उघडून मांडलेला हवा आणि कोणी काय करायचं याची रंगीत तालीम झालेली हवी. यंत्रावर कोट्यवधी खर्च करणाऱ्या रुग्णालयानं या सहायकाच्या प्रशिक्षणावर कंजुषी करू नये. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात आहे. टेबलाजवळच्या सहायकासाठी आणि सिस्टरसाठी अभ्यासक्रम आखायला याहून जवळची जागा कुठली? पैशांचं म्हणाल, तर विमा नियामकांच्या नियमांनुसार रोबोटची ऑपरेशनं आता आरोग्य विम्यातून वगळता येत नाहीत. कंपनी त्यावर मर्यादा मात्र घालू शकते. पॉलिसीतलं ते पान आधी वाचून घ्या.

आता ज्यासाठी मी सगळ्यांना कान देऊन ऐकायची विनंती करतो, त्याकडे येतो. ऑपरेशन उत्तम झालं, तीन-चार दिवसांत रुग्ण घरी गेला. आठ-दहा दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी, एका सकाळी लघवी लालभडक होते. गुठळ्या पडतात, चक्कर येते. टाक्याखाली एखाद्या धमनीच्या भिंतीला इजा झालेली असते, तिथे रक्ताचा फुगा तयार होतो आणि तो लघवीच्या पोकळीत फुटतो. शंभरात एखाद-दुसऱ्याला हे होतं. पुन्हा ऑपरेशन करून किडनी काढायची गरज बहुतेकदा पडत नाही. मांडीतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी किडनीपर्यंत नेतात आणि नेमक्या त्या फांदीत धातूची छोटी स्प्रिंग सोडून ती बंद करतात. बाकीची किडनी शाबूत राहते. पण हे वेळेत व्हायला हवं. सुरगाण्याकडून नाशिकला पोचायला दोन-अडीच तास लागतात. त्यात आणखी चार तास ‘उष्णता झाली असेल, सब्जा पाजा’ म्हणण्यात गेले, तर माणूस हातचा जातो.

म्हणून हे ऑपरेशन करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक रुग्णालयाकडे माझी मागणी आहे. डिस्चार्ज कार्डावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा, की पुढचे तीन आठवडे लघवी लाल झाली तर थांबू नका. खाली रात्री उचलला जाणारा फोन नंबर द्या. अशी धमनी रात्री दोन वाजता कुठे बंद करता येईल, कोणता तज्ज्ञ येईल, हे ऑपरेशनच्या आधी ठरवून त्याच कार्डावर नोंदवा. आणि नातेवाइकांनो, हे लिहिलेलं नसेल, तर घरी निघण्याआधी ते लिहून मागा.